दुधाची मुखत्यारी

कारापूरच्या तिस्कावरून साखळीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, वाळवंटीच्या पात्रापासून फारशा दूर नसलेल्या एका जुन्या राजांगणाच्या घरात, गेल्या पावसाळ्यात एके सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार कागदी पेट्या ओळीने मांडलेल्या होत्या. एकीवर बदामाचे चित्र होते, दुसरीवर सोयाबीनच्या शेंगेचे, तिसरीवर ओट्सच्या लोंबीचे आणि चौथीवर अर्ध्या फोडलेल्या नारळाचे. आणि त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या घरातल्या वडील बाई, ज्यांना सारा वाडा काकी म्हणतो, त्या पेट्यांकडे एखाद्या अनोळखी पाहुण्याच्या सामानाकडे पाहावे तशा पाहत होत्या. त्यांच्या अडीच वर्षांच्या नातवाच्या अंगावर दूध पोटात जाताच गांधी उठत आणि ओठ सुजत. म्हापशाच्या डॉक्टरांनी तपासणी करून त्याचे दूध पूर्णपणे बंद केले होते. आणि सुनेने येताना, पुढे काय हा प्रश्न सोडवण्यासाठी, दुकानात जे जे मिळाले ते सर्व उचलून आणले होते. पहिल्या तीन पेट्यांविषयी काकींनी मौन पाळले. चौथी मात्र त्यांनी हातात घेतली, चित्र निरखले आणि विचारले, "हो आमचो रोसच न्हय? मागीर ताका दूद कित्याक म्हणटात?"

हा प्रश्न वरवर वाटतो तितका भोळा नाही. गोव्याच्या स्वयंपाकघरात नारळ आडोळीवर खवून, रगड्यावर वाटून, फडक्यातून पिळून जे पांढरे द्रव्य निघते त्याला रोस म्हणतात, मराठी बोलताना आपण रस म्हणतो. पहिल्या पिळणीचा जाड रस, आणि त्याच चोथ्यावर कोमट पाणी घालून काढलेला पातळ रस, हा भेद इथल्या लहान मुलीसही ठाऊक असतो. सोलकढीत तो पडतो, चण्याच्या डाळीच्या आणि गुळाच्या मणगण्यात पडतो, शिरवळ्यांबरोबर गूळ-वेलची घालून वाढला जातो, आणि किरिस्तांव शेजाऱ्यांच्या घरी अंड्याच्या बलकाशी संगनमत करून बेबिंकाच्या थराथरात शिरतो. इतक्या ठिकाणी इतक्या रूपांनी वावरणाऱ्या या जिन्नसाला आमच्या आज्यांनी दूध हे नाव मात्र कधी दिले नाही. पोर्तुगीज त्यास नारळाचे दूधच म्हणत; परंतु साडेचारशे वर्षांच्या त्यांच्या अंमलात, ज्यांपैकी डिचोली, साखळी आणि पेडणे या नव्या काबिजादींच्या वाट्याला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचीच वर्षे आली, हा एक शब्द आमच्या चुलीपर्यंत पोहोचला नाही. गंमत अशी की, २०२१ साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, वनस्पतींपासून केलेल्या पेयांच्या नावात दूध हा शब्द वापरू नये आणि अशी पेये दुग्धपदार्थांच्या सदरात विकू नयेत, असा दंडक घातला, तेव्हा जुन्या वहिवाटीचे नाव म्हणून जी सवलत ठेवली ती नेमकी नारळालाच. युरोपातही २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने सोयाच्या पेयाला दूध म्हणण्यास मनाई केली, तरी नारळाचा अपवाद कायम राहिला. म्हणजे बदामाने, सोयाने आणि ओट्सने ज्या पदवीसाठी इतक्या अर्जविनंत्या कराव्यात ती पदवी सरकारदरबारी ज्याला न मागता मिळाली, त्याला ती आमच्या स्वयंपाकघरात कुणी देऊ केली नव्हती; आणि मला वाटते, काकींच्या पिढीचे हे नामकरण सरकारी फर्मानापेक्षा अधिक शास्त्रशुद्ध होते.

कारण दूध हे एक द्रव्य नव्हे, ती एक मुखत्यारी आहे. आपल्या घरातली कितीतरी भिन्न भिन्न कामे आपण या एकाच कारभाऱ्यावर सोपवून निश्चिंत झालेलो असतो. मुलाच्या हाडांसाठी कॅल्शियम, त्याच्या वाढीसाठी प्रथिने, शाकाहारी माणसाच्या रक्तासाठी आणि मज्जातंतूंसाठी ब-१२ जीवनसत्त्व, सकाळच्या चहाचा रंग, दुपारच्या भातावरचे दही, पाहुण्यांसाठी खीर, देवासाठी पंचामृत, आणि रात्री झोपताना मुलाच्या हाती द्यायचा तो पेला, जो पोषणापेक्षा धीर देण्यासाठीच अधिक असतो, इतकी खाती हा एक जिन्नस सांभाळतो. त्याला एकाएकी रजा द्यावी लागली, की त्याच्याइतकेच पांढरे दिसणारे दुसरे काहीतरी त्याच्या जागी आणून बसवावे, असे घरच्यांना वाटते आणि त्यांना तसेच वाटावे अशी दुकानदाराचीही इच्छा असते. परंतु रंग सारखा म्हणून कारभार सारखा होत नाही. कोणते खाते कोणाकडे द्यायचे याची वेगवेगळी वाटणी करावी लागते, आणि ती करण्यापूर्वी मूळ कारभाऱ्याला रजा का द्यावी लागली हे नीट समजून घ्यावे लागते.

इथेच बहुतेक घरांचा पहिला घोटाळा होतो. दूध सोसत नाही, हे एक वाक्य दोन अगदी भिन्न तक्रारींसाठी आपण वापरतो. काकींच्या यजमानांना, म्हणजे मुलाच्या आजोबांना, गेली कित्येक वर्षे पेलाभर दूध घेतले की पोट फुगते आणि गुडगुडते. नातवाला तेच दूध चमचाभर गेले तरी गांधी उठतात. घरातल्या मंडळींनी साहजिकच निष्कर्ष काढला की नातवाने आजोबांची प्रकृती घेतली. वस्तुतः दोघांच्या तक्रारींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. आजोबांचे भांडण दुधातल्या साखरेशी आहे. तिला लॅक्टोज म्हणतात, आणि ती पचवणारे लॅक्टेज नावाचे विकर तान्हेपणी सर्वांच्या आतड्यांत विपुल असले, तरी वय वाढेल तसे बहुतेकांत कमी होत जाते. जगातल्या प्रौढांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांची हीच अवस्था आहे, आणि आपल्या देशातही उत्तरेकडून दक्षिणेकडे यावे तसे अशा लोकांचे प्रमाण वाढते. तेव्हा ही व्याधी नव्हे, हा मनुष्यजातीचा सर्वसाधारण स्वभाव आहे. अपवाद आहेत ते, ज्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखून दुधावर जगले, त्यांचे वंशज. अशा माणसाला दूध समूळ सोडण्याची गरज बहुधा नसते. दिवसाकाठी बारा ग्रॅमपर्यंत, म्हणजे सुमारे पेलाभर दुधातले लॅक्टोज, तेही जेवणाबरोबर विभागून घेतले तर, बहुतेकांना विशेष त्रास न होता सोसते. दह्यात विरजणाच्या जिवाणूंनी या साखरेचा काही भाग आधीच संपवलेला असतो. तुपात ती जवळजवळ नसतेच. आणि लॅक्टोज काढून टाकलेले गाईचे दूधही आता बाजारात मिळते. आजोबांसाठी म्हणून बदामाची पेटी उघडणे हा शुद्ध अपव्यय होता. त्यांना चहातले दूध आणि दुपारचे ताक पुरेसे होते आणि दोन्ही सोसतही होती.

नातवाचे प्रकरण निराळे. त्याच्या शरीराची तक्रार दुधातल्या प्रथिनांविरुद्ध आहे, आणि तिथे थोडे आणि फार असा हिशेब चालत नाही. मुलाला गाईचे सोसत नाही तर शेळीचे द्या, असा सल्ला आमच्या बाजूला हमखास मिळतो आणि तो देणारी माणसे प्रेमळही असतात. परंतु शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रथिने गाईच्या दुधातल्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की अशा मुलाचे शरीर त्यांत फरक करीत नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही इथे उपयोगाचा नाही, कारण तो ठिपका मांसाहार नसल्याचे सांगतो, दूध नसल्याचे नव्हे. बिस्किटे, पाव, चॉकलेट यांत दुधाची भुकटी सर्रास असते, आणि ती शोधण्यासाठी घटकांचा बारीक मजकूर आणि त्याखाली त्रासदायक पदार्थांची जी स्वतंत्र सूचना छापलेली असते ती वाचावी लागते. २०२२ च्या नियमांनुसार प्राणिज अंश नसलेल्या पदार्थांसाठी पानासह काढलेल्या हिरव्या इंग्रजी 'व्ही' अक्षराचे निराळे बोधचिन्हही आले आहे, त्याची ओळख करून घ्यावी; तरीही बारीक मजकुराची रुजुवात केल्याशिवाय राहू नये. आणि आमच्यासारख्या गावात सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे तीर्थ. विठ्ठलापूरच्या विठ्ठलाच्या देवळात असो वा घरच्या देव्हाऱ्यापुढे, मुलाने तळहात पुढे केला की त्यावर पंचामृताची पळी रिकामी होते, आणि देणाऱ्याच्या मनात आशीर्वादाखेरीज दुसरे काही नसते. काकींनी ही गोष्ट सुनेच्याही आधी ओळखली. त्यांनी भटजींना स्पष्ट सांगून ठेवले की या पोरासाठी तुळशीचे पाणी निराळ्या भांड्यात आणि पळीही निराळी. भटजींनी क्षणाचाही विलंब न लावता ते मान्य केले. अशा बहुतेक मुलांची ही तक्रार शाळेत जाण्याच्या वयापर्यंत हळूहळू ओसरते. मात्र ओसरली की नाही हे पाहण्याचा प्रयोग घरी करायचा नसतो, तो डॉक्टरांच्या समोरच करायचा असतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण तिच्यात तडजोड नाही. एक वर्षाच्या आतल्या मुलाला आईच्या दुधाऐवजी किंवा डॉक्टरांनी नेमून दिलेल्या बालान्नाऐवजी यांतले कोणतेही पेय, पेटीतले असो वा घरी पिळलेले, देऊ नये. नारळाचा रस हलका, म्हणून तान्ह्याला चालेल, अशी एक समजूत आहे. ती धोक्याची आहे.

आता त्या रसाचाच ताळेबंद मांडू. पाणी न घालता पिळलेल्या जाड रसात शंभर ग्रॅममागे सुमारे तेवीस-चोवीस ग्रॅम स्निग्धांश, दोन-सव्वादोन ग्रॅम प्रथिने आणि जेमतेम सोळा मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तितक्याच गाईच्या दुधात स्निग्धांश चार ग्रॅम, प्रथिने तीन-सव्वातीन ग्रॅम आणि कॅल्शियम सुमारे एकशेवीस मिलिग्रॅम. म्हणजे मुलाला पेलाभर जाड रस पाजला तर त्याच्या पोटात जवळजवळ साडेचारशे कॅलरी जातील, आणि हाडांच्या वाट्याला काहीच येणार नाही. रस हे पिण्याचे द्रव्य नव्हे, ते व्यंजन आहे. तुपाचा तो भाऊबंद, दुधाचा नव्हे. म्हणूनच तो पदार्थात शेवटी पडतो आणि पडल्यावर खळखळून उकळू दिला जात नाही. त्यातले तेलाचे सूक्ष्म थेंब नारळाच्याच प्रथिनांच्या पातळ आवरणाने पाण्यात तरंगत राहिलेले असतात, आणि कडक उष्णतेने ते आवरण विसकटले की तेल वेगळे होऊन रस फुटतो. हे शास्त्र न शिकलेल्या काकी मणगणे उतरवता उतरवता जाड रस घालतात आणि एकदाच वाफ येऊ देतात. पेटीत मिळणारे नारळाचे पेय म्हणजे याच रसात भरपूर पाणी मिसळून केलेले पातळ मिश्रण. त्यात स्निग्धांश कमी, पण प्रथिनेही नावापुरतीच. काकींनी त्याचा घोट घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, हा तिसऱ्या पिळणीचा आहे, जो आम्ही गुरांच्या आंबोणात टाकतो.

बदामाची गोष्ट याहून मनोरंजक आहे, कारण बदाम या शब्दाला आपल्या मनात फार मोठी अब्रू आहे. परीक्षेच्या दिवसांत भिजवलेले बदाम, आजारातून उठलेल्या माणसाला बदामाचा शिरा, अशा परंपरेत वाढलेल्या माणसाला पेटीवरचे बदामाचे चित्र पाहून जे वाटायचे तेच वाटते. परंतु अशा कित्येक पेयांत बदामाचे प्रमाण शेकडा दोन-तीनच असते. दोन टक्के धरले तर दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात चार ग्रॅम बदाम झाले, म्हणजे मोजून तीन दाणे. आणि प्रथिने शंभर मिलिलिटरमागे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. त्यापेक्षा मुलाने दहा बदाम चावून खाल्ले तर अडीच ग्रॅम प्रथिने त्याच्या पदरात पडतील आणि दातांनाही काम मिळेल. (अर्थात चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे बदाम देऊ नयेत, ते घशात अडकतात; कूट करून द्यावेत.) मी स्वतः एकदा अशी एक पेटी मोठ्या विश्वासाने घरी आणली, चष्मा लावून घटकांची यादी वाचली, तो पाण्यानंतर दुसऱ्या क्रमांकावर साखर आणि तिच्यामागे बदाम. यादीतला क्रम हा वजनाच्या उतरत्या मानाने असतो, एवढे लक्षात ठेवले तरी अर्धा बाजारहाट शहाणपणाने होतो.

ओट्सचे पेय ही स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाची देणगी. लॅक्टोज न सोसणाऱ्यांसाठी तिथल्या संशोधकांनी गेल्या शतकाच्या अखेरीस ते सिद्ध केले. धान्यातली पिठूळ द्रव्ये विकरांनी तोडली की त्यांची माल्टोज नावाची साखर होते, म्हणून वरून साखर न घालताही ते गोडसर लागते. प्रथिने शंभर मिलिलिटरमागे साधारण एक ग्रॅम. पेडण्याच्या किनाऱ्यावर, मोरजी, मांद्रे, हरमल इथल्या उपाहारगृहांच्या फळ्यांवर आता कॉफीच्या बाजूला हे पेय खडूने लिहिलेले दिसते, आणि परदेशी पाहुण्यांमुळे आलेली ही चाल हळूहळू डोंगर ओलांडून आमच्याकडे येते आहे. चहात ते चांगले मिसळते, हे मी अनुभवाने सांगतो. तांदळाचे पेय मात्र लहान मुलांसाठी टाळलेले बरे. त्यात प्रथिने नाममात्र असतात, आणि भातपीक जमिनीतून सोमल शोषून घेते या कारणाने ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना दुधाऐवजी ते देऊ नये अशी सरकारी सूचना आहे. आपली पेज ही गोष्ट निराळी. ती कुणी दूध म्हणून दिवसातून तीनदा पाजत नाही.

राहिले सोयाबीन, आणि प्रथिनांच्या खात्यापुरता दुधाचा खरा मुखत्यार तेवढा तोच. शंभर मिलिलिटरमागे तीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि तीही उत्तम प्रतीची. म्हणूनच अमेरिकेच्या सरकारी आहारसूत्रांनी वनस्पतिजन्य पेयांपैकी केवळ कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे मिसळलेल्या सोयापेयालाच दुधाच्या पंगतीला बसू दिले. आपल्याकडे मात्र त्याच्या उग्र वासाने त्याची बदनामी झाली. हा वास दाणा ओला असताना दळला की त्यातल्या एका विकरामुळे उत्पन्न होतो, आणि भिजवलेले दाणे दळण्यापूर्वी काही मिनिटे उकळत्या पाण्यातून काढले तर बराचसा जातो. शिवाय कच्च्या सोयात प्रथिनांचे पचन अडवणारे एक द्रव्य असते, ते नष्ट करण्यासाठी गाळलेले दूध पंधरावीस मिनिटे चांगले उकळावेच लागते. सोयाचीही ॲलर्जी काही मुलांना असते, तेव्हा ज्याला दुधाची आहे त्याला ते डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे.

सोयाबीनचे नाव निघाले की वर्ध्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. दुधाला पर्याय शोधण्याचा जो खटाटोप आज पेट्यांच्या रूपाने बाजारात दिसतो, तो या देशात एका माणसाने फार पूर्वी, आणि अत्यंत कळकळीने, केला होता. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर गांधीजींनी हर्मन कॅलनबाख या मित्रासह दूध सोडले. कलकत्त्याच्या गवळ्यांकडून गाईम्हशींचे जे हाल होत त्यांचे वृत्त वाचून त्यांच्या मनाने ते घेतले होते. पुढे १९१८ साली खेडा जिल्ह्यात हिंडताना आमांशाने ते इतके खंगले की जगण्याची आशा सुटली, आणि तरीही दूध घेण्यास ते तयार होईनात. डॉक्टर दलाल त्यांना तपासत असताना कस्तुरबांनी तोड काढली की व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, शेळी नव्हती. आणि गांधीजींनी शेळीचे दूध घेतले. व्रताचे अक्षर राहिले, आत्मा गेला, अशी कबुली त्यांनी आत्मचरित्रात दिलेली आहे, आणि दुधाची जागा खऱ्या अर्थाने घेऊ शकेल अशी वनस्पती अनुभवाने ठाऊक असणाऱ्याने ती कळवावी अशी विनंतीही तिथेच केलेली आहे. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीनचे प्रयोग चालवले आणि त्यांचे वृत्त 'हरिजन'मध्ये दिले. कस्तुरबांची ती युक्ती गांधीजींच्या व्रताला लागू पडली. आमच्या शेजारच्या बाबूच्या, म्हणजे काकींच्या त्या नातवाच्या, गांधींना ती लागू पडत नाही, हा दोन प्रसंगांतला भेद आहे. पुढे म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेने शेंगदाण्याची प्रथिने दुधात मिसळून 'मिल्टोन' नावाचे स्वस्त पेय तयार केले, तो दुधाच्या टंचाईचा काळ होता. टंचाई सरली, तसे त्याचे नावही लोकांच्या तोंडून गेले.

परंतु कॅल्शियमचे खाते पेल्यातूनच भरले पाहिजे असा काही दंडक नाही, आणि आमच्या भागातल्या घरांना हे सांगण्यात मला विशेष रस आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला पाचशे आणि प्रौढाला हजार मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे, अशी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते; म्हणजे तीस ग्रॅम नाचणीचे तिजाण, आमच्याकडची पातळ लापशी, कागदावर तरी, शंभर मिलिलिटर दुधाची जवळजवळ बरोबरी करते. कागदावर तरी असे म्हणतो, कारण नाचणीतल्या फायटेट नावाच्या द्रव्यामुळे ते सगळे अंगी लागत नाही. नाचणी भिजवून मोड आणली तर हा अडसर बराच कमी होतो. सालासकट तीळ हे तर कॅल्शियमचे कोठारच, मात्र पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात त्याचा मोठा हिस्सा सालीबरोबर निघून गेलेला असतो. आणि ज्या घरात मासळी शिजते त्या घरात काट्यासकट खाल्लेले तारले प्रथिने, कॅल्शियम आणि ब-१२ ही तिन्ही खाती एका फटक्यात सांभाळते. म्हणून मासे खाणाऱ्या घराने दूध सोडले तर त्याचे फारसे बिघडत नाही. रस्त्यापलीकडच्या भटांच्या घराने सोडले तर बिघडते, कारण त्या घरात प्राणिज असे जे काही पोटात जाते ते दूध, दही आणि ताक एवढेच, आणि ब-१२ कोणत्याही धान्यात, डाळीत वा भाजीत भरवशाने मिळत नाही. अशा घरातल्या मुलीने तत्त्वासाठी दूध सोडले, आणि हल्ली पुण्याला शिकायला गेलेल्या मुली ते सोडून येतात, तर तिच्याशी वाद न घालता तिच्या रक्ताची तपासणी करावी आणि डॉक्टर सांगतील ती गोळी तिला नियमाने द्यावी. तत्त्वाचा आदर होतो आणि हातापायांना मुंग्या येत नाहीत.

पेटी घ्यायचीच असेल तर ती साखर न घातलेली असावी, तिच्यावर शंभर मिलिलिटरमागे एकशेवीस मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिसळल्याचे लिहिलेले असावे, आणि ओतण्यापूर्वी ती खळखळून हलवावी. कारण मिसळलेले कॅल्शियम खडूच्या पुडीसारखे तळाशी बसते, आणि ज्याने पेटी हलवली नाही त्याच्या घरात शेवटचा पेला पिणाराच काय तो धष्टपुष्ट व्हायचा. घरी काढलेल्या बदामाच्या वा सोयाच्या दुधात हे मिसळलेले नसतेच, हेही ध्यानात असावे. चहात सोयाचे दूध फाटते, तेव्हा ते आधी कोमट करून, चहा चुलीवरून उतरवल्यावर घालावे. दही हवे असेल तर शेंगदाण्याच्या गाळलेल्या दुधात हिरव्या मिरचीचे देठ टाकून ते लागते. चव वेगळी असते, कढीत खपून जाते. फोडणीच्या आड पुष्कळ गोष्टी खपतात.

खर्चाचे काय, असे कोणी विचारील. ही पेये लिटरमागे साध्या दुधाच्या कित्येक पट किमतीला पडतात, आणि गोव्यात दूध तरी कुठे सगळे घरचे आहे? कुर्टीच्या डेअरीला गोव्यातल्या गोठ्यांतून मिळते ते पुरत नाही, बाकीचे महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून घाट उतरून येते. आमची श्वेतकपिला गाय, जिची गोव्याची स्वतंत्र देशी जात म्हणून राष्ट्रीय स्तरावर नोंद झाली आहे, दिवसाला दोन-तीन लिटरांपलीकडे जात नाही. ती दुधासाठी नव्हे, डोंगरउतारावर चरून जगण्यासाठी घडलेली आहे. काकी सांगतात की त्यांच्या लहानपणी घरात दूध असे ते आजाऱ्यासाठी, देवासाठी आणि दह्यासाठी; रोज प्रत्येकाने पेला प्यावा ही रीत त्यांनी पाहिली ती मुले शाळेत जाऊ लागल्यावर. त्या काळचे सगळे चांगले होते असे मी म्हणणार नाही, कारण त्या काळची हाडे आणि त्या काळची बाळंतपणे आम्हाला ठाऊक आहेत. पण दूध आणि आहार हे समानार्थी शब्द नव्हेत, एवढे ते घर जाणून होते.

शेजारच्या घराची वाटणी अखेर अशी ठरली. आजोबांचे ताक आणि चहा पूर्ववत. ओट्सची पेटी, मांद्र्याला नोकरी करणारा पुतण्या शनिवारी घरी येतो त्याच्यासाठी. बदामाची संपली ती पुन्हा आली नाही. बाबूला डॉक्टरांच्या संमतीने सकाळी सोयाचे, दुपारी भातावर तारले काटे मऊ होईपर्यंत शिजवून कुस्करलेले, आणि संध्याकाळी मोड आणलेल्या नाचणीचे तिजाण, ज्यात गूळ आणि शेवटी दोन चमचे जाड रस. माडावर चढून नारळ पाडणारा पाडेली दोन महिने फिरकला नाही तेव्हा नारळ साखळीच्या बाजारातून विकत आणावे लागले, आणि स्वतःच्या भाटात माड असताना नारळ विकत आणण्याची ही नामुष्की काकींनी अद्याप पाडेल्याला माफ केलेली नाही. पोर आता तिन्हीसांजेला पेला घेऊन ओट्याशी उभे राहते आणि शाळेतल्या इतर मुलांचे ऐकून दूध मागते. काकी तिजाण ओततात, पेला त्याच्या हाती देतात, आणि रोज, न चुकता, त्याची दुरुस्ती करतात: "दूद न्हय रे बाबा. तिजाण तें."